अन्नविषबाधेचे जिवाणू कसे ओळखायचे: घड्याळापासून प्रयोगशाळेच्या अहवालापर्यंत

पोट बिघडलं की सगळा आळ शेवटच्या जेवणावर येतो. पुष्कळदा ते जेवण निर्दोष असतं. आज पहाटे सुरू झालेल्या जुलाबांचं मूळ तीन दिवसांपूर्वीच्या दुपारी असू शकतं, आणि लिस्टेरिया नावाच्या जिवाणूच्या बाबतीत तर महिनाभरापूर्वी खाल्लेल्या एखाद्या पदार्थात. त्यामुळे जिवाणू ओळखण्याचं काम सूक्ष्मदर्शकाच्या आधी सुरू होतं. कोणी काय खाल्लं, किती वाजता खाल्लं आणि त्रास किती वाजता सुरू झाला, या तीन नोंदी नसतील तर उत्तम प्रयोगशाळाही अंधारात चाचपडते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६० कोटी लोक दूषित अन्नामुळे आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार दगावतात. त्यातली सव्वा लाख पाच वर्षांखालची मुलं. या आकड्यांत विषाणू, परजीवी आणि रसायनंही आली. या लेखात मात्र फक्त जिवाणूंचा विचार आहे. घरी कोणी आजारी पडलं असेल, मोठं स्वयंपाकघर तुमच्या जबाबदारीवर असेल, किंवा हातात आलेल्या तपासणी अहवालाचा अर्थ लागत नसेल, तर पुढच्या पायऱ्या उपयोगी पडतील.

आधी रुग्ण

जिवाणूचं नाव कळेपर्यंत उपचार थांबवायचे नसतात. बहुतेक रुग्णांना खरा धोका असतो तो शरीरातलं पाणी आणि क्षार कमी होण्याचा. ओआरएसची पुडी उत्तम. ती मिळेपर्यंत १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ विरघळवून घोट-घोट द्यावं. मीठ अंदाजाने वाढवू नये, लहान मुलांना ते घातक ठरतं.

शौचात रक्त, १०२ अंश फॅरनहाइटवर ताप, पाणीही पोटात न ठरणं, लघवी फार कमी होणं, तीन दिवसांवर जुलाब, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. गर्भवती, तान्ही मुलं, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांच्यासाठी वाट पाहू नये. एकाला दोन दिसणं, पापण्या जड होणं, बोलताना जीभ अडखळणं किंवा गिळता न येणं ही बोटुलिझमची लक्षणं असू शकतात. तिथे एक तासही घालवू नका. श्वासाचे स्नायू निकामी होऊ शकतात, आणि प्रतिविष जितकं लवकर मिळेल तितका उपयोग जास्त.

आणखी एक. रक्त पडत असताना जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. शिगा विष (पेशी मारणारं एक प्रथिन) तयार करणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूच्या संसर्गात त्या गोळ्या आणि काही प्रतिजैविकं मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका वाढवू शकतात.

पायरी १: वासावर आणि चवीवर विसंबू नका

अन्न आंबतं, बुळबुळीत होतं, त्याला वास सुटतो, हे सगळं प्रामुख्याने नासवणाऱ्या जिवाणूंचं काम. स्यूडोमोनास किंवा लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू अन्नाची चव बिघडवतात, पण त्यातले बहुतेक निरोगी माणसाला आजारी पाडत नाहीत. उलट रोगकारक जिवाणू अन्नात असूनही रंग, वास, चव जशीच्या तशी राहू शकते. ई. कोलाय ओ१५७:एच७ या प्रकाराच्या १० ते १०० पेशीसुद्धा आजारासाठी पुरेशा ठरतात. इतक्या थोड्या पेशींचा वास कुणालाही येणार नाही. म्हणून शंका असलेला पदार्थ जिभेवर ठेवून बघण्याची सवय मी धोकादायक मानतो. डबाबंद अन्नात बोटुलिनम विष असेल तर ती छोटीशी चवही जिवावर बेतते.

वाढीचा हिशेबही एकदा मनात पक्का करून ठेवावा. अनुकूल उबेत अनेक जिवाणू २० मिनिटांत दुप्पट होतात. त्या वेगाने एका पेशीच्या सात तासांत २० लाख ९७ हजार पेशी होतात. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा वाढीचा धोक्याचा पट्टा मानतात तो यासाठीच. मात्र सगळे जिवाणू या पट्ट्याचे नियम पाळत नाहीत. लिस्टेरिया फ्रीजच्या थंडीतही सावकाश वाढत राहतो. कॅम्पिलोबॅक्टर ३० अंशांखाली वाढतच नाही, पण त्याच्या काहीशे पेशी आजाराला पुरतात, म्हणजे त्याला अन्नात वाढण्याची गरजही पडत नाही.

पायरी २: विष की संसर्ग?

पुढचं सगळं यावर अवलंबून आहे, म्हणून इथे घाई करू नये.

काही जिवाणू अन्नात वाढतानाच विष तयार करून ठेवतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस, उलटी घडवणारा बॅसिलस सिरियस आणि क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम हे यातले. इथे माणूस आजारी पडतो तो तयार विषाने. जिवाणू जिवंत असायचीही गरज नसते. स्टॅफिलोकॉकसचं विष अर्धा तास उकळूनही टिकू शकतं, आणि बॅसिलस सिरियसचं सिरियुलाइड तर त्याहूनही चिवट. त्यामुळे 'पुन्हा गरम केलंय, आता काही होणार नाही' हे या दोघांपुढे चालत नाही. बोटुलिनमचं गणित उलटं आहे: त्याचं विष १० मिनिटं उकळल्यावर निकामी होतं, पण त्याचे बीजाणू, म्हणजे जिवाणूची टणक कवचातली निद्रिस्त रूपं, साध्या उकळण्याला दाद देत नाहीत. ते मारायला दाबाखाली १२१ अंशांपर्यंतची उष्णता लागते. तरीही संशयास्पद डबा उकळून खायचा नसतो, तो टाकायचाच असतो.

दुसऱ्या गटातले जिवाणू मोठ्या संख्येने पोटात जातात आणि आतड्यात विष सोडतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स आणि जुलाब घडवणारा बॅसिलस सिरियस हे त्यातले मुख्य. तिसऱ्या गटात साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, शिगेला, लिस्टेरिया. हे आतड्याच्या अस्तरात शिरतात, वाढतात, शरीर प्रतिकार करतं आणि म्हणून ताप येतो. शिगा विषवाला ई. कोलाय आतड्याला चिकटून विष सोडतो. त्याच्यात रक्ताचे जुलाब असूनही ताप नसतो किंवा अगदी थोडा असतो, आणि ही विसंगतीच त्याची खूण आहे.

पायरी ३: घड्याळ मागे फिरवा

कागदावर दोन वेळा लिहा: संशयित पदार्थ खाल्ल्याची आणि पहिलं लक्षण दिसल्याची. 'रात्री कधीतरी' असं लिहू नका. जेवण संपल्यावर किती वेळाने मळमळ सुरू झाली, झोपेतून उठवलं का, असे प्रश्न विचारले की वेळ बऱ्यापैकी जवळ येते. एकाहून जास्त रुग्ण असतील तर प्रत्येकाचा कालावधी काढून तो चढत्या क्रमाने लावा आणि मधला घ्या. सरासरी घेऊ नका, एखाद्याची आठवण चुकली की ती लगेच बिघडते.

१ ते ६ तासांत जोरदार उलट्या, ताप नाही आणि दिवसाभरात बरं वाटणं: संशय स्टॅफिलोकॉकसवर किंवा सिरियुलाइडवर. या दोघांतला फरक पदार्थावरून लागतो. हाताने बराच वेळ हाताळलेलं, शिजवल्यानंतर कापलेलं किंवा सजवलेलं अन्न असेल तर स्टॅफिलोकॉकस, कारण तो निरोगी माणसाच्याही नाकात आणि त्वचेवर राहतो. शिजवून तासन्‌तास बाहेर राहिलेला भात किंवा पास्ता असेल तर बॅसिलस सिरियस, कारण त्याचे बीजाणू धान्यात मुळातच असतात आणि शिजवूनही जगतात.

६ ते २४ तासांत पोटात मुरडा आणि पाण्यासारखे जुलाब, पण उलटी जवळजवळ नाही आणि तापही नाही: परफ्रिंजेन्स. मोठ्या भांड्यात शिजवलेलं मांस किंवा दाट रस्सा हळूहळू निवत गेला की याला सुगीचा काळ. ४३ ते ४५ अंशांच्या आसपास तो जेमतेम १० मिनिटांत दुप्पट होतो. जुलाबवाला बॅसिलस सिरियसही साधारण याच काळात आणि याच रूपात येतो, म्हणून लक्षणांवरून दोघांत निवाडा करता येत नाही. तिथे प्रयोगशाळाच हवी.

६ ते ७२ तासांत ताप, जुलाब, पोटदुखी: साल्मोनेला. अंडी, कोंबडी, कच्चं दूध हे नेहमीचे संशयित, पण साल्मोनेला मसाले, सुका मेवा, चॉकलेट अशा कोरड्या पदार्थांतही महिनोन्‌महिने तग धरतो, हे चौकशीत विसरलं जातं. मासे आणि शिंपल्यांनंतर साधारण दिवसाभरात पाण्यासारखे जुलाब झाले तर व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस आठवावा. तो मिठाशिवाय वाढत नाही.

२ ते ५ दिवस: कॅम्पिलोबॅक्टर. बहुतेक वेळा कच्च्या कोंबडीतून, न तापवलेल्या दुधातून. कच्ची कोंबडी नळाखाली धुतल्यावर उडालेले थेंब शेजारच्या कोशिंबिरीवर पडले तरी पुरतं. या संसर्गानंतर क्वचित काही आठवड्यांनी हातापायांतली ताकद जाणारा गिलन-बारे आजार उद्भवतो. ३ ते ४ दिवसांनी तीव्र कळा आणि रक्ताचे जुलाब: शिगा विषवाला ई. कोलाय. यात आठवडाभराने लहान मुलांच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो, म्हणून जुलाब कमी झाले तरी लघवीवर लक्ष ठेवावं.

बोटुलिझम साधारण १२ ते ३६ तासांत दिसतो आणि लक्षणं डोळ्यांपासून खाली उतरत जातात. लिस्टेरिया सगळ्यांत फसवा. गंभीर संसर्ग दिसायला आठवडे जातात, ७० दिवसांपर्यंतही. गर्भवतीला फक्त थोडा ताप आणि अंगदुखी होते, आणि गर्भाला मात्र जिवावरचं संकट येतं.

या वेळा खुणा आहेत, निकाल नव्हेत. नोरोव्हायरससारखा विषाणूही १२ ते ४८ तासांत उलट्या-जुलाब घडवतो. घरातले लोक एकापाठोपाठ एक आजारी पडत असतील तर तो आठवावा. एकाच जेवणानंतर सगळे जवळपास एकाच वेळी पडले तर संशय अन्नावर जास्त.

पायरी ४: न खाणाऱ्यांनाही विचारा

सामूहिक जेवणानंतर फक्त आजाऱ्यांची यादी करणं ही सर्रास होणारी चूक आहे. आजारी न पडलेल्यांनी काय खाल्लं ते कळल्याशिवाय काहीच सिद्ध होत नाही. कसं ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू.

६० जण जेवले, ३२ आजारी पडले. पहिला पदार्थ ४० जणांनी खाल्ला, त्यातले ३० आजारी, म्हणजे ७५ टक्के. ज्या २० जणांनी तो खाल्ला नाही त्यातले २ आजारी, म्हणजे १० टक्के. ७५ भागिले १०, धोका साडेसात पट. दुसरा पदार्थ ५० जणांनी खाल्ला, २७ आजारी, ५४ टक्के. न खाणाऱ्या १० पैकी ५ आजारी, ५० टक्के. धोका जवळजवळ सारखाच.

आता बघा, ३२ पैकी २७ आजाऱ्यांनी दुसरा पदार्थ खाल्लेला होता. फक्त आजाऱ्यांना विचारलं असतं तर तोही गुन्हेगार ठरला असता. पहिला पदार्थ न खाताही आजारी पडलेल्या दोघांमुळे गोंधळू नका. चमचा एका भांड्यातला दुसऱ्यात जातो, कुणी ताटातला घास वाटून घेतो, कुणाला आठवत नाही.

या हिशेबाची ताकद २०११ साली जर्मनीत दिसली. ई. कोलाय ओ१०४:एच४ च्या साथीत तिथे ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले आणि ५० हून अधिक मरण पावले. सुरुवातीला काकड्यांवर बोट ठेवलं गेलं, कारण काही काकड्यांवर शिगा विषवाला ई. कोलाय खरोखरच सापडला होता. पण तो साथीचा प्रकार नव्हता. शेवटी धागा मेथीच्या मोडांपर्यंत गेला, आणि तो नेला मुख्यतः कोणी काय खाल्लं याच्या चिकाटीच्या चौकशीने. बियाण्यांच्या तपासणीत तो जिवाणू हाती लागलाच नाही.

पायरी ५: नमुना वाचवा

घाबरून उरलेलं अन्न टाकून देणं आणि भांडी घासून ठेवणं स्वाभाविक आहे. पण त्याबरोबर पुरावाही वाहून जातो. उरलेला पदार्थ त्याच भांड्यात झाकून किंवा उकळत्या पाण्यातून काढलेल्या चमच्याने स्वच्छ, घट्ट झाकणाच्या डब्यात घ्या. शक्य असेल तर २०० ते २५० ग्रॅम. पदार्थाचं नाव, शिजवल्याची वेळ, वाढल्याची वेळ, नमुना घेतल्याची वेळ, सगळं डब्यावर लिहा आणि कुणी चुकून खाणार नाही अशी स्पष्ट खूण करा. ० ते ४ अंशांत ठेवा आणि लवकरात लवकर प्रयोगशाळेत किंवा आरोग्य विभागाकडे पोचवा.

गोठवू नका. परफ्रिंजेन्सच्या पेशी आणि कॅम्पिलोबॅक्टर गोठवण्याने मोठ्या प्रमाणात मरतात आणि मग अहवाल खोटा दिलासा देतो.

शौचाचा नमुना पहिली प्रतिजैविकाची गोळी घेण्याआधी द्यायला हवा. दोन तासांत प्रयोगशाळेत पोचणार नसेल तर कॅरी-ब्लेअर या जिवाणू जिवंत ठेवणाऱ्या माध्यमात पाठवतात. कोणता जिवाणू शोधायचा हे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहावं असा आग्रह धरा, कारण नेहमीच्या शौच-कल्चरमध्ये (नमुन्यातले जिवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) व्हिब्रिओ, यर्सिनिया किंवा शिगा विषाची तपासणी अनेक ठिकाणी होत नाही. ती मागावी लागते.

मोठी स्वयंपाकघरं चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: प्रत्येक पदार्थाचा छोटा नमुना तारीख घालून किमान तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवा. तुमच्यावर खोटा आळ आला तरी तोच नमुना तुम्हाला सोडवेल.

आणि घरच्या घरी जिवाणू वाढवून पाहू नका. बशीत वाढलेले ठिपके पाहून रोगकारक कोण हे कळत नाही, आणि मूळ अन्नात थोडे असलेले जिवाणू तुम्ही कोट्यवधींनी वाढवलेले असतात.

पायरी ६: प्रयोगशाळेत काय घडतं

हान्स ख्रिश्चन ग्राम यांनी १८८४ साली दिलेली रंगपद्धत आजही पहिली विभागणी करते: जांभळे दिसणारे ग्राम-पॉझिटिव्ह, गुलाबी दिसणारे ग्राम-निगेटिव्ह. पण सूक्ष्मदर्शकाखाली साल्मोनेला आणि आपल्या आतड्यातला निरुपद्रवी ई. कोलाय सारखेच गुलाबी दांडके दिसतात. म्हणून खरी ओळख पटते ती वाढवून. कोण काय खातं, कशात तगतं आणि कोणता रंग सोडतं, यावरून.

साल्मोनेलाचा प्रवास नीट समजून घेतला तर बाकीचे आपोआप कळतात. २५ ग्रॅम अन्न २२५ मिलिलिटर बफर्ड पेप्टोन वॉटरमध्ये घालून साधारण ३७ अंशांवर १८ तास ठेवतात. हे सौम्य माध्यम कशासाठी? उष्णता, कोरडेपणा, थंडी यांनी जखमी झालेल्या पेशींना आधी सावरू द्यायचं असतं. थेट कडक माध्यमात टाकल्या तर त्या मरतात आणि जिवाणू असूनही सापडत नाही. दुसऱ्या दिवशी थोडा द्रव निवडक माध्यमांत जातो. रॅपापोर्ट-व्हॅसिलियाडिस माध्यम ४१.५ अंशांवर ठेवतात, तिथे बाकीचे जिवाणू दबतात आणि साल्मोनेला पुढे येतो. तिसऱ्या दिवशी एक्सएलडी अगर या जेलीसारख्या माध्यमाच्या पेट्री डिशवर रेघा ओढतात. लालसर कॉलनी (जिवाणू वाढून झालेला डोळ्यांना दिसणारा पुंजका) आणि मधोमध काळा ठिपका दिसला तर संशय बळावतो. काळेपणा हायड्रोजन सल्फाइडमुळे येतो.

इथे थांबायचं नसतं. प्रोटियस नावाचा जिवाणूही काळा ठिपका दाखवू शकतो. तो युरिया झपाट्याने तोडतो, साल्मोनेला तोडत नाही, म्हणून युरियाची चाचणी, मग ट्रिपल शुगर आयर्न, लायसिन, आणि शेवटी प्रतिद्रव्यांशी गुठळ्या होतात का ते पाहून सीरोटाइप, म्हणजे पोटप्रकार. साल्मोनेलाचे २,५०० हून अधिक सीरोटाइप आहेत. 'नाही' म्हणायला तीनेक दिवस आणि 'आहे' म्हणायला पाचेक दिवस लागतात ते या साखळीमुळे. अहवालाला उशीर का, म्हणून तंत्रज्ञांवर चिडू नये.

बाकीच्यांच्या खुणा थोडक्यात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस बेअर्ड-पार्कर अगरवर चकचकीत काळा, भोवती स्वच्छ कडं, आणि रक्तद्रव गोठवण्याच्या चाचणीत कोअॅग्युलेज पॉझिटिव्ह. बॅसिलस सिरियस एमवायपी अगरवर गुलाबी, भोवती गढूळ वलय. परफ्रिंजेन्स ऑक्सिजनविरहित पेटीत टीएससी अगरवर काळा. कॅम्पिलोबॅक्टरला हवेत ५ टक्के ऑक्सिजन, १० टक्के कार्बन डायऑक्साइड आणि ४१.५ अंश उष्णता लागते. साध्या इन्क्युबेटरमध्ये ठेवला तर तो कधीच दिसणार नाही. लिस्टेरिया फ्रेझर माध्यमातून अलोआ अगरवर नेला की निळसर-हिरवा, भोवती धुकट कडं. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस टीसीबीएस अगरवर हिरवा, कॉलऱ्याचा व्हिब्रिओ पिवळा.

ई. कोलाय ओ१५७ सॉर्बिटॉल ही साखर लवकर आंबवत नाही, म्हणून सॉर्बिटॉल मॅकॉन्की अगरवर त्याच्या कॉलनी रंगहीन दिसतात. सोपी, स्वस्त युक्ती. पण जर्मनीतला ओ१०४ सॉर्बिटॉल आंबवणारा होता. या अगरवर तो निरुपद्रवी ई. कोलायसारखाच दिसतो. प्रत्येक चाचणी तिला विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देते, हे यातून स्पष्ट दिसतं.

पीसीआर ही डीएनएचा ठरावीक तुकडा अनेकपट वाढवून शोधणारी पद्धत काही तासांत शिगा विषाचं जनुक किंवा साल्मोनेलाचं डीएनए पकडतं. मात्र मेलेल्या पेशींचं डीएनएही त्याला सापडू शकतं, म्हणून पॉझिटिव्ह आल्यावर जिवंत जिवाणू वाढवून खात्री करतात. माल्डी-टॉफ यंत्र कॉलनीच्या प्रथिनांवरून काही मिनिटांत प्रजाती सांगतं. संपूर्ण जीनोम, म्हणजे जिवाणूचं सगळं डीएनए, वाचल्यावर तर रुग्णातला आणि अन्नातला जिवाणू एकाच वंशाचा आहे का हे कळतं. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ च्या लिस्टेरिया साथीत हजारावर रुग्ण आणि दोनशेवर मृत्यू झाले. तिथे रुग्णांच्या आहाराची चौकशी आणि जीनोमची तुलना यांच्या जोरावर पोलोनी नावाच्या तयार मांसपदार्थाचा कारखाना सापडला.

पायरी ७: अहवाल वाचताना

'२५ ग्रॅममध्ये आढळला नाही' याचा अर्थ त्या २५ ग्रॅममध्ये, त्या पद्धतीने आढळला नाही, इतकाच. समजा एका मोठ्या साठ्यातली १ टक्का पाकिटं दूषित आहेत. पाच पाकिटं तपासली तर दूषित पाकीट हाती लागण्याची शक्यता जेमतेम ५ टक्के. साठ पाकिटं तपासूनही ती ४५ टक्क्यांच्या आसपासच. म्हणून फक्त शेवटच्या तपासणीवर विसंबणारं स्वयंपाकघर सुरक्षित नसतं.

'सीएफयू प्रति ग्रॅम' म्हणजे एका ग्रॅममधल्या, कॉलनी करू शकणाऱ्या जिवंत घटकांची संख्या. अन्न हजारपट विरळ केलं, त्यातलं ०.१ मिलिलिटर पसरलं आणि ४० कॉलनी आल्या, तर ४० गुणिले १,००० गुणिले १०, म्हणजे ग्रॅमला ४ लाख. '१० पेक्षा कमी' लिहिलं असेल तर शून्य समजू नका, ती पद्धतीची मर्यादा आहे.

स्टॅफिलोकॉकस, बॅसिलस सिरियस आणि परफ्रिंजेन्स यांच्या बाबतीत ग्रॅमला १ लाखाच्या पुढचा आकडा विषबाधेकडे बोट दाखवतो, शेकड्यातला आकडा सहसा नाही. साल्मोनेला, लिस्टेरिया किंवा ओ१५७ चं तसं नाही. तयार अन्नात साल्मोनेला किंवा ओ१५७ नुसता सापडणंही गंभीर.

उलटी बाजूही लक्षात घ्या. २००० साली जपानमध्ये कमी स्निग्धांशाच्या दुधातून १३ हजारांवर लोक आजारी पडले. दूध भुकटीच्या कारखान्यात वीज गेली, दूध उबदार राहिलं, स्टॅफिलोकॉकस वाढला आणि त्याने विष सोडलं. पुढच्या उष्णतेने जिवाणू मेले, विष राहिलं. अशा नमुन्याचं कल्चर निगेटिव्ह येतं. तिथे एलायझासारखी विषाची चाचणीच मागावी लागते.

पायरी ८: नावावरून चूक कुठे झाली ते शोधा

जिवाणूचं नाव कळलं की स्वयंपाकघरात नेमकं कुठे पाहायचं तेही कळतं. स्टॅफिलोकॉकस असेल तर हात, बोटावरची जखम, आणि शिजवल्यानंतर उबेत गेलेला वेळ तपासा. परफ्रिंजेन्स असेल तर निववण्याची पद्धत. अन्न साधारण ६० वरून २१ अंशांवर दोन तासांत आणि तिथून ५ अंशांवर पुढच्या चार तासांत यायला हवं. खोल पातेल्यात ते होत नाही. उथळ भांड्यांत वाटून ठेवलं तर होतं. साल्मोनेला किंवा कॅम्पिलोबॅक्टर असेल तर अर्धवट शिजणं आणि कच्च्या-शिजलेल्याला एकच सुरी, एकच फळी. मांसाच्या आतल्या भागात किमान ७० अंश, कोंबडीला ७४, आणि ते थर्मामीटरने मोजा, रंगावरून ठरवू नका. लिस्टेरिया असेल तर कापण्याची यंत्रं, सांडपाण्याची तोंडं, फ्रीजची रबरं. ओल्या कोपऱ्यांत तो वर्षानुवर्षे टिकतो.

आजारी पडलेल्या स्वयंपाक्याने उलट्या-जुलाब पूर्ण थांबल्यावरही ४८ तास अन्नाला हात लावू नये, आणि त्या दिवसांचा पगार कापू नये, नाहीतर पुढच्या वेळी तो आजार लपवेल. टायफॉइड, शिगेला किंवा शिगा विषवाला ई. कोलाय निघाला असेल तर ४८ तास पुरत नाहीत. शौचाचे नमुने निगेटिव्ह येऊन आरोग्य विभागाने परवानगी दिल्यावरच त्याला पुन्हा स्वयंपाकाच्या कामावर घ्यावं.